टॅगर्टच्या घळीची फेरी

१

सकाळी सात ते साडेसात फोन वाजत राहायचा, आणि प्रत्येक फोनवर कुणीतरी एक आकडा सांगायचं.

"पस्तीस."

"पन्नासला टेकलंय बघ."

"साठ. पण वाऱ्याने शेंडे उघडे पडलेत, तेवढं लिही."

मी पेन्सिलीने तो आकडा त्या त्या डोंगराच्या कार्डावर लिहायचो. आकडा पानांच्या रंगाचा. शंभर म्हणजे डोंगर पुरता पेटला, त्यापुढे नुसती गळती. सप्टेंबरच्या अखेरीपासून साधारण चार आठवडे आमचं वेस्ट कॉर्बेट या आकड्यांवर चालतं. दूरदूरच्या राज्यांतून लोक गाड्या घेऊन व्हरमाँटची पानं बघायला येतात. आम्ही त्यांना पानबघे म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. गावच्या हिरवळीवर एक पांढरी लाकडी खोली आहे. तिथे येऊन ते विचारतात, आज कुठे जावं? मग आम्ही त्यांना फेरीचा कागद देतो. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे गाडी थांबवून मागे बघायचं, डोनट कुठले चांगले, सगळं त्यात असतं.

खोली गावाची, पण तीस वर्षं तिथे मिसेस प्रुइटच बसतात. कागद मी करायचो. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली आणि अनोळखी माणसाशी बोलताना माझे कान लाल होतात, पण रस्ते मला ठाऊक आहेत. कुठल्या वळणावर किती वाजता ऊन येतं ते मी नकाशाशिवाय सांगू शकतो.

आकडे कळवणारे म्हणजे दोन शेतकरी, पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, असे. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं असतं आणि एक खिडकी. दरवर्षी तेच झाड, त्याच खिडकीतून. टॅगर्टच्या घळीचा आकडा म्हातारा हॉलिस टॅगर्ट कळवायचा. फेब्रुवारीत तो गेला.

"घळीकडे आता तूच आठवड्यातून दोनदा जाऊन येत जा," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "चौदा मैल कच्चा रस्ता आहे, पण ती फेरी सोडवत नाही मला."

मी हो म्हणालो. पहिल्या आठवड्यात माझ्या गाडीचा सायलेन्सर गळून पडला. नंतर दोन दिवस पाऊस लागला. हॉलिसची जुनी कार्डं डब्यात होतीच. दर वर्षी जवळपास तेच आकडे, एखाद्या दिवसाचा काय तो फरक. मी गेल्या वर्षीचा आकडा उतरवला. पाच ऑक्टोबर, साठ टक्के. आठ ऑक्टोबर, पंचाहत्तर. कुणाचं काही बिघडलं नाही.

एवढंच मी केलं. मी घळीकडे गेलो नाही, आणि गेलो असं दाखवलं.

२

एबरली नवराबायको ओहायोहून आले होते. दोघं सत्तरीच्या पुढचे. बाईंच्या गळ्यात भला मोठा कॅमेरा होता आणि त्या भेटेल त्या गोष्टीचा फोटो काढायच्या. आमच्या दाराच्या कडीचाही काढला. नऊ तारखेला मी त्यांना घळीच्या फेरीचा कागद दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दार उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते.

"पोरा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस रे?" बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं आम्ही पानं बघत हिंडतोय. असलं कुठेच नाही बघितलं."

मिसेस प्रुइट खूश झाल्या. "दाखवा बघू फोटो."

बाईंनी गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे खाली पाहिलं. तो कुणी दुसऱ्यानेच तिथे अडकवला असावा, असं पाहिलं. "नाही काढले."

"बॅटरी संपली का?"

"छे. सुचलंच नाही."

मिस्टर एबरली हसले. "ही सूप आलं की आधी त्याचा फोटो काढते. माझं गार होतं तोवर. आणि तिथे तीन तास उभे होतो, पण एक नाही काढला."

मीही हसलो. मग माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेलं. दोघांच्याही हनुवटीखाली लाली होती. शेकोटीवर फार वेळ वाकून बसलं की चढते तशी. कपाळ मात्र पांढरंच. वाऱ्याने झालं असेल, मी मनात म्हटलं. पण वारा खालून लागत नाही, हेही मनात आलंच.

ते दुसऱ्या दिवशी मेन राज्यात जाणार होते. समुद्र बघायला. त्यांनी हॉटेलची खोली आणखी एक आठवडा ठेवली.

३

मग घळीच्या फेरीचे कागद पुरेनात. बोस्टनच्या दोन मैत्रिणी जाऊन आल्या. न्यू जर्सीचा एक माणूस दोन दिवसांत तीनदा जाऊन आला. त्याला मला काहीतरी दाखवायचंच होतं म्हणून तो खिडकीशी उभा राहून फोनवरची चित्रं सरकवत राहिला. लाकडी छपराचा पूल. डोनट. गाय. पुन्हा गाय. त्यानंतर एकदम रात्रीच्या जेवणाचं ताट. मधली सगळी दुपार त्याच्या फोनमध्ये नव्हतीच.

"असं कसं?" तो पुटपुटला. त्याची हनुवटी लाल होती.

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आजवर माझ्या कामाबद्दल कुणी थांबून चांगलं बोललेलं मला आठवत नाही. आता हॉटेलवाला रस्त्यातून हात करायचा. हे सगळं मी कधीच न पाहिलेल्या झाडांमुळे चाललं होतं, ते मी स्वतःला आठवू देत नव्हतो.

कोरीनला तर माझं कोण कौतुक. कोरीन माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई आम्हाला सोडून गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला वाढवलं ते तिनेच. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ती काम करते आणि त्यांची व्हॅन चालवते.

"काय हो, रस्तेवाले साहेब," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "गावात नाव झालंय म्हणे तुमचं. आता तरी घरात बूट काढून येत जा, चिखलाचे पाय मोठ्या माणसांना शोभत नाहीत."

"गप गं."

"गुरुवारी म्हाताऱ्यांना पानं दाखवायला न्यायचंय. तुझी ती घळीची फेरी दे मला. मिस्टर बॅस्कम सारखे म्हणतायत, ही माझी शेवटची. गेली चार वर्षं हेच म्हणतात, पण यंदा मला खरं वाटतंय रे."

मिस्टर बॅस्कम एक्याण्णव वर्षांचे. उभा जन्म मेपलचा रस आटवून काकवी करण्यात गेला त्यांचा. मी कागद आणून दिला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'घळ शेवटी घ्यावी. दुपारी तीनचा उजेड सगळ्यांत चांगला.'

४

मंगळवारी रॉयस पेल्की आमच्या शेगडीसाठी लाकडं घेऊन आला. रॉयस झाडं तोडायचं काम करतो, आवाज मोठा आणि मन साफ. लाकडं रचता रचता त्याची नजर भिंतीवरच्या आकड्यांवर गेली आणि तो मोठ्याने हसला.

"टॅगर्टची घळ, पंच्याण्णव टक्के! कसले रे पंच्याण्णव? बुडख्यांचे?"

मिसेस प्रुइट जेवायला घरी गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? हॉलिसच्या पुतण्यांनी मार्चमध्ये सगळं उभं रान विकलं. मी स्वतः कापलंय. जमीन गोठलेली होती तोवर सहा आठवडे तिथेच होतो. वरच्या दगडी गडग्यापासून खाली ओहोळापर्यंत भुईसपाट. एक झाड दाखवलंस तर महिनाभर तुला डोनट माझ्याकडून."

मार्चमध्ये मी गावात नव्हतो. हिवाळ्यात मी चाळीस मैलांवर, बर्फात घसरायला येणाऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासतो, एप्रिलमध्ये परत येतो.

"लोक जाऊन येतात," मी म्हणालो. "आवडतं त्यांना."

"बुडखे आवडतात?" रॉयसने हात झटकले. "पानबघे काय, शेणाच्या ढिगालाही छान म्हणतील."

तो गेल्यावर मी शांतपणे विचार केला. लोक चुकीच्या रस्त्याला लागत असतील. पलीकडच्या घळीत उतरत असतील, तिथे मेपल चिक्कार आहेत. म्हणजे माझा कागद चुकला, एवढंच. मला एकदम हायसं वाटलं.

तासाभराने बोस्टनच्या दोघींपैकी एक नवीन कागद मागायला आली. मी तिला विचारलं, कसं जाता तुम्ही?

"का? तू लिहिलंयस तसंच. गिरणीपासून डावीकडे, दगडी गडग्याच्या कडेने वर, गंजलेली पत्रपेटी लागते तिच्यावर टॅगर्ट लिहिलंय, तिथून पुढे मोकळी जागा. मग खाली बघायचं." ती लाजल्यासारखी हसली. "आधी एक मिनिट काहीच नसतं. मग डोळे सरावतात."

५

बुधवारी दुपारी बाराला मी गेलो.

गिरणी, गडगा, पत्रपेटी. आभाळ राखाडी होतं, पाऊस नाही, ऊनही नाही. मोकळ्या जागेत एबरलींची पांढरी गाडी उभी होती. पुढची दोन्ही दारं उघडी. किल्ली आत तशीच, त्यामुळे दार उघडं असल्याची टिंग टिंग चालू होती. बराच वेळ चालू असावी. बॅटरी उतरत आल्यासारखी ती मधेच अडायची आणि मग पुन्हा वाजायची.

"मिस्टर एबरली?"

टिंग. टिंग.

मी कडेपर्यंत गेलो. रॉयसने खरं सांगितलं होतं. खाली ओहोळापर्यंत नुसते बुडखे, यंत्रांच्या चाकोऱ्या, फांद्यांचा वाळून पांढरा पडलेला राडा. उतारावर ससा असता तरी दिसला असता. कुणीच नव्हतं. भुसभुशीत मातीत दोन माणसांच्या पावलांचे ठसे होते. ते माझ्याशेजारून कडेवरून खाली उतरत होते आणि पंधराएक पावलांवर, एका बुडख्याच्या अलीकडे, थांबले होते. परतीचे ठसे नव्हते.

"मिसेस एबरली!" मी ओरडलो. "मी लायल! माहितीच्या खोलीतला!"

आवाज परत आला नाही. उघड्या घळीत हाक मारली की ती समोरच्या उतारावर आपटून येते. माझी हाक कशात तरी मऊ रुतली, दाट पानांत रुतावी तशी.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण गळ्याला ऊब लागायला लागली. खालून. मी कॉलर वर केली आणि मागे न बघता गाडीत येऊन बसलो. मी निघालो तेव्हा टिंग टिंग बंद पडली होती.

६

पोलिसांना कळवायचं म्हणून मी आधी हॉटेलात गेलो. एबरली दांपत्य खिडकीजवळच्या टेबलाशी बसून सूप पीत होतं.

म्हणजे ते ओहोळाच्या बाजूने वर आले असतील, मी मनात म्हटलं, गाडी कुणीतरी सुरू करून दिली असेल, आणि मी गिरणीपाशी पेट्रोल भरत होतो तेव्हा पुढे निघून गेले असतील. सगळं जुळत होतं.

"ये, ये, बैस," मिस्टर एबरली म्हणाले. "मघाशी तूच हाक मारलीस ना?"

"हो. तुम्ही कुठे होता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाढदिवसाची भेट लपवणारी माणसं बघतात तसं.

"तुझ्यासमोर," बाई म्हणाल्या.

"समोर कुणी नव्हतं."

"अरे, पंधरा पावलांवर. मी हातसुद्धा केला. तू सरळ आमच्याकडेच बघत होतास. मग कॉलर वर केलीस आणि निघून गेलास. मी यांना म्हटलं, रागावला वाटतं पोरगा."

माझा हात आपोआप कॉलरकडे गेला. ती अजून वरच होती.

"तिथे झाडं नाहीत," मी हळू आवाजात म्हणालो. "मार्चमध्ये तोडली. मी आकडे जुन्या कार्डावरून लिहिले. मला माफ करा, तिथे काही नाहीये."

मिस्टर एबरलींनी चमचा खाली ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. तळवा कढत होता. "बाळा, वरून कळत नाही ते. खालून वर बघायला हवं. आज आम्ही थोडेच उतरलो. उद्या पुरते जाऊ."

बाईंच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याच्या भिंगावर झाकण लावायला त्या विसरल्या होत्या. भिंगाचा काळा गोल माझ्याकडे रोखलेला होता. मी तिथून उठलो.

७

त्या संध्याकाळी मला कोरीनला खरं सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आकडे जुन्या कार्डावरून उतरवले, कोरीन, मी तिकडे गेलोच नव्हतो.

ती म्हाताऱ्यांची पांघरुणं घडी करत होती. "मिसेस प्रुइट भेटल्या दुकानात," ती म्हणाली. "म्हणाल्या, लायलसारखा प्रामाणिक मुलगा शोधून मिळणार नाही. मी काय सांगितलं माहितीये? म्हटलं, वाढवलाय कुणी!"

मी ताट बाजूला सारलं.

"उद्या घळीत जाऊ नकोस," मी म्हणालो. "रस्ता खराब झालाय. चिखल आहे."

"चिखल? गेल्या आठ दिवसांत थेंब नाही पडला."

"सावलीचा रस्ता आहे. वाळत नाही. तू तळ्याकडची फेरी घे."

"एप्रिलच्या चिखलातून मी ती व्हॅन काढलीय, तेव्हा तू मागे बसून रडत होतास," ती हसली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काय झालंय तुला?"

"काही नाही."

"मग ठीक. बघू उद्या." ती पांघरुणं घेऊन झोपायला गेली. मला अजूनही तिच्या खोलीचं दार वाजवता आलं असतं. मी भांडी विसळली आणि दिवा बंद केला.

गुरुवारी दुपारी दीड वाजता हॉटेलवाला आमच्या खोलीत आला. एबरली पहाटेच निघून गेले होते. बिछाने आवरलेले, बॅगा भरून दाराशी नीट ठेवलेल्या, औषधांच्या डब्यासुद्धा तिथेच.

मग मी मिसेस प्रुइट यांना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "हॉलिसने तीस वर्षांत एकदा आकडा चुकवला," त्या म्हणाल्या. "आणि माझी माफी मागायला बर्फातून आला होता. तू मला इथे बसून, माझ्यासमोर..." मग त्यांचा चेहरा बदलला. "आज वृद्धाश्रमाची फेरी आहे ना?"

त्यांनी फोन लावला. व्हॅन एक वाजता सुटली होती. तळ्याकडे की घळीकडे? पलीकडची मुलगी म्हणाली, मिस्टर बॅस्कम घळ घळ करून हट्टाला पेटले होते.

घळीत फोन लागत नाही. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

८

व्हॅन मोकळ्या जागेत उभी होती. मागचं दार उघडं, पायरी खाली सोडलेली. पलीकडे एबरलींची पांढरी गाडी.

ते सगळे कडेवर ओळीने उभे होते. काठ्या टेकून, वॉकर धरून, दोघं चाकांच्या खुर्चीत. पाठ माझ्याकडे. मधोमध कोरीन. कुणी बोलत नव्हतं. एरवी ही माणसं थंडीबद्दल, गुडघ्यांबद्दल, एकमेकांबद्दल सतत कुरकुरतात. आता नुसता त्यांच्या श्वासांचा आवाज येत होता, सगळ्यांचा एका लयीत.

आभाळ शिशासारखं होतं. कुठेही ऊन नव्हतं. मी बाजूने धावत गेलो आणि मला त्यांचे चेहरे दिसले.

चेहरे खालून उजळले होते. हनुवट्या, नाकपुड्या, भुवयांच्या खालची बाजू, सगळं तांबडं, केशरी. आणि तो उजेड हलत होता, वाऱ्याने पानं हलावीत तसा. त्यांच्यासमोर मला मात्र राखाडी बुडखे दिसत होते.

मी ठरवलं की खाली बघायचं नाही. म्हणून मी मिस्टर बॅस्कमकडे बघितलं, आणि त्यांच्या चष्म्यात बघितलं.

क्षणभरच. दोन्ही काचांमध्ये झाडं होती. बुंध्याला बुंधा लागलेला, इतकी दाट आणि इतकी लाल की डोळे दुखावेत. बुंध्यांच्या मधे माणसं उभी होती, मान वर करून, आमच्याकडे बघत. पुढच्या बाईच्या गळ्यात काहीतरी लोंबत होतं. तिने हात वर केला.

मिस्टर बॅस्कमनी वॉकर उचलला आणि एक पाऊल पुढे टेकवला.

"कोरीन!" मी तिचा दंड धरून ओढलं. ती जमिनीत रुतलेल्या खांबासारखी होती. "कोरीन, गाडीत चल. काही नाहीये इथे."

"थांब ना," ती पुटपुटली. "आत्ता कुठे दिसायला लागलंय."

"मी खोटं लिहिलं!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "आकडे खोटे आहेत! मी इथे आलोच नव्हतो! काल चिखल आहे म्हणालो तेही खोटं, तुला सांगायची लाज वाटली म्हणून!"

तिच्या मानेत काहीतरी सैल झालं. तिने हळूहळू तोंड माझ्याकडे फिरवलं. "तू माझ्याशी खोटं बोललास?"

"हो."

"माझ्याशी?"

तिचे डोळे भरून आले आणि ती माझी कोरीन झाली. मग आम्ही दोघांनी मिळून एकेकाला वळवलं, उचललं, ढकललं, व्हॅनमध्ये बसवलं. मिस्टर बॅस्कम लहान मुलासारखे रडत होते. "मी तोडलेली नाहीत," ते सारखे म्हणत होते, "मी एकही तोडलेलं नाही रे." मी पाठीमागचं दार लावलं. पूर्ण रस्ताभर गळ्याला मफलर गुंडाळून मी व्हॅनच्या मागे माझी गाडी ठेवली.

९

पोलीस ओहोळापर्यंत उतरून आले. एबरली सापडले नाहीत. रस्त्यावर साखळी लागली, भिंतीवरून घळीची फेरी उतरली. मिसेस प्रुइट माझ्याशी कामापुरतं बोलतात.

कोरीन दोन दिवस मला फाडून खात होती. "खोटारड्या, मीठ दे." "खोटारड्या, कचरा टाक." तेवढ्याने मला किती बरं वाटायचं ते तिला माहीत नाही. वृद्धाश्रमातले सगळे ठीक होते. मिस्टर बॅस्कम पुन्हा जेवणाला नावं ठेवायला लागले होते.

रविवारी दुपारी चारला मी लाकडं घेऊन घरात आलो. बाहेर बारीक पाऊस होता. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, नुसताच, बशी आदळल्याचा आवाज नाही की चमच्याचा नाही.

कोरीन सिंकपाशी उभी होती. सिंकवर आमची एक लहान खिडकी आहे. तिच्यातून चार फुटांवर शेजाऱ्याच्या गॅरेजची पत्र्याची भिंत दिसते, बाकी काही नाही. त्या खिडकीत कधी ऊन आलेलं मला आठवत नाही.

"कोरीन?"

"हं."

"काय बघतेस?"

"काही नाही रे. एक मिनिट."

तिच्या हातांवरून पाणी वाहत होतं. मी नळ बंद केला. मग खिडकीकडे न बघता तिच्या आणि सिंकच्या मध्ये शिरलो आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मायेने.

"लायल, सरक ना. मध्ये आलायस."

"समोर पत्रा आहे, कोरीन," मी म्हणणार होतो. तोंडही उघडलं. आणि मला तिच्या पांढऱ्या एप्रनवर माझी सावली दिसली. डोकं, खांदे, अगदी रेखीव. सावलीच्या भोवती कापड लाल होतं, आणि ती लाली हलत होती.

माझी पाठ तापायला लागली.

मी मागे हात नेऊन सिंकची कड घट्ट धरली. "भांडी मी घासतो," मी म्हणालो. "तू बाहेरच्या खोलीत जा. जा ना, कोरीन."

ती गेली नाही. तिने माझ्या खांद्यांवर ओले हात ठेवले, आणि माझ्यावरून पलीकडे बघता यावं म्हणून हळूच टाचा उंचावल्या.